दोघींची एकच पत्ती

लोणार, १२ डिसेंबर १९६४

तीर्थरूप बाबांस शैलजाचा नमस्कार.

शाळा नीट चालली आहे, जेवण वेळेवर होते. आईचे गुडघे कसे आहेत?

शाळेतल्या मुलींचे बँडपथक उभे करावे म्हणून मी सॅक्सोफोन शिकते आहे, हे कळवले होतेच. लग्नाच्या बँडातले गोविंदा मास्तर मला आणि त्यांच्या मुलीला, कलाला, एकत्र शिकवतात. वाद्य एकच. पहिल्या दिवशी त्यांनी तोंडात धरायची वेताची पत्ती माझ्यासाठी वेगळी काढली. म्हणाले, "आमच्या उष्ट्याले तुमी काऊन तोंड लावता बाई?" मी ती परत केली आणि कलाचीच पत्ती तोंडात धरली. शिवाशिव मानायची नाही, हे तुम्हालाही पटले होते.

दुसऱ्या महिन्यात पत्तीवर रक्त दिसू लागले. मास्तर म्हणाले, "नव्या मानसाचा ओठ कापतेच. घट्टा पडला की थांबते." सूर टिकेना, धाप लागे, तरी मी तेच खरे मानले.

काल बुलढाण्याला फोटो काढला. छातीत क्षयाचा डाग आहे. औषधाने बरी होईन, काळजी नको. फक्त धाकट्या उद्धवला इकडे पाठवू नका.

कला चौदा वर्षांची आहे. आठवडाभर खोकते आहे. आज मास्तरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "आमच्या हातचं पानीबी कोनी पेत नाही बाई. तुमाले काय म्हनू मी?" ते रागावले असते तर बरे झाले असते.

उद्या पहिल्या बसने कलाला दवाखान्यात नेते. कोणाकडून लागले, असे तिथे विचारतात. मी माझे नाव सांगेन.

तुमची,
शैलजा