तलवारीच्या जागी

चौसाळा,
९ सप्टेंबर २०२५

चि. अभिमन्यू,

पार्सल मिळालं. मखमल चांगली आहे, जरीचा दोराही पुरेल. बंकटची पाठ अजून धरते. बाकी इकडे ठीक.

सतरा तारखेला, मुक्तिसंग्राम दिनी, पंचायतीचं नवं मानचिन्ह झेंड्यावर फडकवायचं आणि ते बहिणीने भरून द्यायचं, असं तू सरपंच म्हणून ठरवलंस. मान दिलास. मग मी नमुन्याचा कागद उघडला. मधोमध तलवार, दोन्ही बाजूंना सिंह. मागच्या महिन्यात तुझ्या आरोहीने मला तिचं चित्र दाखवलं होतं, ग्रामसभेने पसंत केलेलं. दोन उसांच्या मध्ये एक कोयता. तो कुठे गेला?

फोनवर म्हणालास, "ताई, कोयता कावून पायजे? पाहुणे येणार हायेत. मजुरांचं गाव म्हणतील. तलवारीला लई इतिहास हाय."

कोणाचा इतिहास? चावडीच्या कमानीवर निजामाच्या काळची खूण होती. मुक्तीनंतर गावाने ती छिन्नीने उडवली. खड्डा अजून दिसतो. पुढे पंचायतीच्या शिक्क्यावर बैलजोडी आली. आजोबांच्या पिढीने ती आपापल्या गोठ्यात पाहून निवडली होती. त्या गावाला तू आता बीडच्या छापखान्यातले तयार सिंह आणून देतो आहेस. बंकट कागद पाहून म्हणाला, "आपल्या शिवारात रानडुकरं हायेत, त्यांचं तरी काढायचं." मी हसले. नंतर राग आला, तो अजून उतरलेला नाही.

दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्याला जातं. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. तुला हे सांगायला नको. आरोहीला मात्र कुणीतरी सांगायला हवं.

तिला पुढचंही सांग.

आई-बापू पहिल्यांदा ऊसतोडीला निघाले, त्या वर्षी आत्या म्हणाली, एकाच लेकराला ठेवून घेईन. त्यांनी तुला ठेवलं. तुझी शाळा होती. माझीही होती. चौदा वर्षांची पोर फडावर, पाचटाच्या कोपीत कशी सांभाळायची म्हणून आई रडत होती. परमेश्वर मुकादम ओट्यावर बसून चहा पीत होता. म्हणाला, "भिवराबाई, रडता कावून? आपला बंकट एकटाच हाय. लगीन लावून टाका. पोरीची काळजी मिटली, अन् माझा अर्धा कोयता पुरा झाला." आठवडा उलटायच्या आत हळद लागली. नवरी म्हणून मला कुणी पाहिलं नाही. उसाची मोळी डोक्यावर पेलेल का, एवढं पाहिलं.

बंकट वाईट माणूस नाही. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. तुझ्याबद्दलही नव्हती, हा कागद येईपर्यंत. माझा भाऊ शिकला, हे मी फडावरच्या बायकांना अंगठीसारखं दाखवत आले. आणि तुला कोयत्याची लाज वाटते. पाहुण्यांसमोर.

तो कोयता मी आहे, अभिमन्यू.

झेंडा सोबत पाठवते आहे. सिंह भरलेले नाहीत. तलवारीच्या जागी आरोहीचा कोयता भरला आहे, आणि मुठीवर दोन हात, त्यातला एक बांगड्यांचा. तिला न विचारता एवढी भर घातली, ती मला माफ करील. तुला तलवारच हवी असेल तर टाके उसव. मात्र ग्रामसभा बसलेली असताना, सगळ्यांसमोर, तुझ्या हाताने. धनश्रीला घरात कात्री देऊन मोकळा होऊ नकोस. बायकांनी भरलेलं बायकांनीच उसवायचं, असं यावेळी चालणार नाही.

धनश्रीला आणि आरोहीला आशीर्वाद.

तुला सतरा तारखेनंतर.

ताई