ही वॉर्डात असताना

४ डिसें., गुरु.
आज नववा दिवस. भेट गुरुवारी आणि सोमवारी. आजही ही बाहेर आली नाही. सिस्टर दोनदा आत जाऊन आल्या. म्हणाल्या, "आजी म्हणतात, मला नवराच न्हाई."
बाकावर पाऊण तास बसलो. भाकरी तशीच परत आणली.
चूक माझीच. जेवणात विष आहे म्हणायची, खायची नाही, विहिरीच्या काठावर जाऊन बसायची. भीती वाटली. मांजरसुंब्याला लेकीकडं जाऊ, असं खोटं सांगून गाडीत बसवली. हिनं नातवंडांसाठी लाडू बांधले. गाडी दवाखान्याच्या दारात थांबली तेव्हा डबा मांडीवर होता. माझ्याकडं बघितलं ते...

५ डिसें., शुक्र.
म्हैस पान्हा सोडत नाही. हिच्याशिवाय कुणाला शिवू देत नाही. लाथेनं चरवी उडवली. घरात बोलायला कुणी नाही, तिच्याशीच भांडलो.

७ डिसें., रवि.
हिचं निळं लुगडं अंगावरून घेऊन धारेला बसलो. म्हशीनं वास घेतला, पान्हा सोडला. शेजारचा लिंबाजी कुंपणावरून, "काय आण्णा, नवी वैनी आणली काय?"
"तुझ्या बायकूला इचार, पसंत हाय का!"
तो हसत गेला. धार झाली तरी लुगडं काढलं नाही. मिश्रीचा वास येतो त्याला. तसाच बसून राहिलो.

८ डिसें., सोम.
आली! वाळलीय. केस कुणीतरी चोपून विंचरलेले. शेजारी नाही, समोरच्या बाकावर बसली. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हशीचं सांगितलं. तोंडाला पदर लावून हसली. मग पदर खाली घेतला. म्हणाली, "म्हंजी तिला बी फशिवलंच की तुमी."


९ डिसें., मंगळ.
तेच डोक्यात. लेकीचा, कमलचा फोन. "दादा, आई हसली न्हवं? मग झालं की."
झालं नाही. पोरीला कसं सांगू.

११ डिसें., गुरु.
डॉ. म्हणाले, आजी आता जेवतात, झोपतात. गोळ्या चालू ठेवून सोडता येईल. पण कुठं जायचं, लेकीकडं का तुमच्याकडं, ते त्या ठरवतील.
ही मला म्हणाली, "परत तसंच झालं तर काय करताल?"
'न्हाई व्हायचं' हे तोंडावर आलं होतं. गिळलं.
"परत हितंच आणीन. पण सांगून आणीन. भांडलीस तरी सांगून."
बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. "बघते," म्हणाली आणि आत गेली. डॉ. सोमवारी परत विचारणार.
ही 'बघते' म्हणाली की हो समजायचं का नाही, ते इतक्या वर्षांत मला कधी कळलं नाही.