खोलीमागचा खड्डा

कासारवाडी, शुक्रवार, ८ फेब्रुवारी १९७४

यांच्या काढलेल्या अपेंडिक्सच्या टोकाला बारीक गाठ निघाली. कॅन्सरची, क्वचितच सापडणारी. सगळी निघाली आहे, पण तपासणीला येत राहा, असं डॉक्टर आज म्हणाले. "बाईंनी बाटली पुण्याला तपासायला नेली म्हणून कळलं."

हे माझ्याकडे बघून हसले. मी पदर सारखा करत बसले.

ऑपरेशननंतर अपेंडिक्सची ती बाटली दवाखान्यात माझ्याच हातात दिली होती, पुण्याला तपासायला न्या म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "मानसाच्या अंगातलं हाय, मातीला द्यावं. पुन्याला कशापायी न्यायचं?" मला बरंच वाटलं. तेवढीच फेरी वाचली. खोलीमागे खड्डासुद्धा मीच खणला. बाटली आत ठेवताना तिच्यावरच्या चिठ्ठीत यांचं नाव दिसलं. जित्या माणसाचं नाव मातीत कसं घालायचं? हात थांबला तो अपशकुनाला भिऊन. आजार मनातही नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

आणि चिठ्ठी नसती तर?

घरी येताना हे म्हणाले, "तुझ्यामुळे वाचलो." तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मघाशी हे खोलीमागे जाऊन आले. "तो खड्डा कशाला खणलाय गं?"

"शेवगा लावायचाय."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग उद्या फांदी आणतो," हे म्हणाले. "माझ्या हातानं लावतो."

मी बरं म्हटलं.