रानहळद आणि चार दगड

गंगापूर रोड, नाशिक
आषाढातली सकाळ

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात साष्टांग जमत नाही, कागदावर घातलेला गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? इगतपुरीला पाऊस कोसळतोय असं पेपरात वाचलं. धरण किती भरलं ते बघायला भावोजी जाणारच, निदान मफलर तरी गुंडाळून दे. आम्ही इथे ठीक आहोत. मालिनीही बरी आहे. माझं म्हणशील तर, ताई, मी पार अडकलोय गं. फोन केला असता, पण जिन्यात कुणीतरी ऐकत असतंच. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं, पण माझा निरोप हटकून सोसायटीच्या ग्रुपवर जातो (मागे मूळव्याधीच्या औषधाचं झालं तसं). म्हणून आपलं पत्र.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला आलीस तेव्हा तू तुझ्या परसातल्या रानहळदीचे गड्डे पानाफुलांसकट मातीच्या गोळ्यात बांधून आणले होतेस. आमच्या बिल्डिंगच्या उत्तरेच्या भिंतीलगत मातीचा जो पट्टा आहे, तिथे ऊन म्हणून पडत नाही आणि टाकीचं पाणी वरून टिपटिपत असतं. गुलाब लावला, गेला. झेंडू लावला, तोही गेला. शेवाळ तेवढं जोरात. तू म्हणालीस, ही जंगलात झाडांच्या सावलीतच वाढते, इथे खुशाल राहील. आणि काय राहिली! वर गुलाबी तुरे, त्यांच्या पोटात पिवळी फुलं... गाडी लावायला येणारी माणसं हेल्मेट काढून बघत उभी राहायची.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली आणि बघता बघता सगळं गायब. जमीन सपाट. मी घाबरून तुला फोन केला, तर तू निवांत: अरे चिंतू, ती झोपलीय, पावसाला उठेल, तोवर पाणी घालू नकोस आणि कुणाला तिथे उकरू देऊ नकोस. आता मोकळी जमीन दिसली की लोक काय करतात? स्कूटर लावतात. म्हणून जागा राखायला मी चार दगड मांडले. अंधारात कुणाला ठेच लागू नये म्हणून त्यांना ग्रिलचा उरलेला शेंदरी रंग फासला. आणि मधोमध काठी रोवून तिला मालिनीच्या जुन्या ब्लाउजचं लाल फडकं बांधलं. हसू नकोस! माझ्या खरंच डोक्यात आलं नाही. जन्मभर विमा कचेरीत काम केलेल्या माणसाला लाल रंगात धोका दिसतो, देव दिसत नाही.

आठवडाभरात दगडांवर हळदकुंकू. मग उदबत्ती. आधी मला बरंच वाटलं, कारण स्कूटरवाले लांबून वळसा घालून जाऊ लागले (आणि जाताना छातीला हात लावू लागले). मग मागच्या गल्लीतल्या लताबाईंच्या मुलीचं लग्न जमलं. त्यांनी नारळ फोडला आणि पाणी तिथेच ओतलं. त्यांच्यामागून दूध आलं, दही आलं, केळी आली. मी कळवळून सांगत होतो, अहो पाणी नका घालू, तिला झोपू द्या! तर लताबाईंनी हात जोडले आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "काकांना सगळं कळतं हो." झालं! त्या दिवसापासून जिन्यात लहान मुलंसुद्धा माझ्यासमोर चपला काढतात.

आमचे चेअरमन नवनाथराव मूळचे सायखेड्याचे बागायतदार. मनानं फार मोठा माणूस, पण शहरात आल्यापासून मोकळी माती दिसली की तिच्यावर फरशी घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्यांनी सभेत ठराव आणला: देवीला संगमरवरी ओटा आणि वर पत्र्याची शेड. म्हणजे माझे गड्डे कायमचे खाली! मी उठलो ते खरं सांगायलाच. पण लताबाई पुढच्याच रांगेत, मुलीची पत्रिका आधी त्या दगडांपुढे ठेवून आलेल्या. त्यांच्या तोंडाकडे बघून मी भलतंच बोलून गेलो. म्हणालो, तिला ओटा नको, तिला ओली मातीच हवी, आणि पाऊस पडला की ती आपणहून वर येईल. नवनाथराव उठून चक्क माझ्या पाया पडले. "काका, लय मोठी गोष्ट बोलले तुम्ही. पहिल्या श्रावणी सोमवारपर्यंत थांबू. नाय आली, तर मग फरशी टाकू."

आता पाऊस पडून जमीन भिजली. तुझ्याकडे म्हणे पानं गुडघ्याएवढी झालीत, आणि इथे काही म्हणजे काही नाही. रोज सकाळी माणसं वाकून मातीकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. काल धीर करून चमच्यानं हळूच उकरून पाहिलं, तर हाताला काळा बुळबुळीत लगदा लागला. एवढं दूधपाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार! ताई, मला अगदी रडू आलं. तू हौसेनं आणून दिलेलं झाड माझ्याच्यानं सांभाळलं गेलं नाही. आणि फरशी पडली की या आवारात चमचाभर माती उरणार नाही. मला त्या विचारानं जेवण जात नाही.

असो. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
चिंतू

ता. क. – खरं काम राहिलंच. पाच-सहा गड्डे, कोंब फुटलेले, लगेच पाठव. येणाऱ्या कुणाच्याही हाती, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून. कुणी विचारलंच तर रताळी म्हणायचं.

ता. क. २ – गड्डे सडल्याचं मालिनीला माहीत नाही, तिला कळू देऊ नकोस. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय, पण काळजी नको. ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

वन्सं, नमस्कार. वाचलं. गड्डे पाठवू नका. लताबाईंनी नारळाचं पाणी ओतलं त्याच दुपारी मी सगळे गड्डे काढून कोरड्या मातीत माळ्यावर ठेवले होते. आता धुण्याच्या गॅलरीत कुंडीत आहेत, बोटभर कोंब आलेत. उद्या हे आंघोळीला गेले की खाली लावून येते. ह्यांच्या हाताला लागलं ते कुणीतरी वाहिलेलं, सडून मातीत गेलेलं केळं. ह्यांना मुद्दामच सांगितलं नाही, कारण ह्यांच्या पोटातलं सगळं तोंडावर दिसतं, आणि सध्या अख्खी बिल्डिंग ह्यांचं तोंडच बघत असते.

आणि दगडांवर पहिलं हळदकुंकू वाहिलं ते मी. खाली काय आहे ते चांगलं माहीत असून. रिटायर झाल्यापासून हे दिवसच्या दिवस खुर्चीत बसून असायचे, काही विचारलं की नुसतं हूं. माझा जीव तुटायचा हो. मी म्हटलं, बाई, तू जी कोण असशील ती अस, पण ह्यांना बोलतं कर. आज सकाळपासून पानामागून पान लिहीत बसलेत, मध्येच स्वतःशी हसतात. नवस फेडायला हवा. नारळ तिथे फोडीन, पाणी मात्र घरी आणून ह्यांना देईन.