चुलीपुढची कवायत

अण्णा, आज एका शिकाऊ शिक्षिकेचा पाठ बघायला गेले होते. शाळेत कवायत आणि खेळ शिकवणाऱ्या बाया तयार करायचं काम मी जन्मभर केलं, आणि आता घरी बसले तरी अधूनमधून बोलावतात. ती पोरगी वर्गाकडं तोंड करून उभी राहिली, "उजवा हात वर" म्हणाली आणि स्वतःचा डावा हात वर केला. समोरच्या सगळ्या मुलींचे उजवे हात बिनचूक वर गेले. मी विचारलं, हे कुठं शिकलीस? तर म्हणते, "बाई, तुमच्याच प्रबंधात आहे की." मी हसले, तिची पाठ थोपटली, आणि घरी येऊन दार लावून रडले. या वयात रडायलाही दार लावावं लागतं, नाहीतर सून लगेच डॉक्टरांना बोलावते.

परंड्याचं आपलं दोन खोल्यांचं घर मला अजून दिसतं. आई गेलेली, तुमची विधवा बहीण, माझी आत्या, घर सांभाळते, आणि तुम्ही निजामाच्या सरकारी शाळेत ड्रिलमास्तर. तुम्ही मूळचे तालमीतले. तिथं वस्ताद करून दाखवायचा आणि तुम्ही करायचा, बोलण्याचं कामच नव्हतं. शाळेत मात्र उर्दूतले हुकूम देऊन पोरं हलवायची होती, आणि निम्म्या पोरांना घरी मराठीशिवाय काही ठाऊक नाही. ती शेजाऱ्याकडं बघून हात उचलायची, शेजारी त्याच्या शेजाऱ्याकडं बघायचा. दुसरा एखादा मास्तर छडी घेऊन फिरला असता. तुम्ही घरी येऊन आत्याला म्हणायचा, "पोरं न्हाय चुकत, आक्का. माझं सांगणंच कुठंतरी चुकतंय." मग उद्या शाळेत जे शिकवायचं ते आज संध्याकाळी माझ्यावर करून बघायचं, असा तुम्ही पायंडा पाडलात. भाकरी झाल्या की आत्याची पीठ मळायची लाकडी काठवट पालथी घालून तुम्ही तिच्यावर बोटांनी ठेका धरायचा. आत्या तणतणायची, "आरं, ती अन्नाची हाय, ढोलकं न्हाय!" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आधी नुसता ठेका, मग ठेक्यावर पाय, आणि पाय बसले की शेवटी हुकूम. मी कुठं अडखळते ते बघून तुम्ही दुसऱ्या दिवशीचा धडा बदलायचा.

एकदा तुम्ही माझ्यासमोर उभे राहून "दाहिना" म्हणालात आणि उजवा हात वर केलात. मी डावा केला. पुन्हा केलंत, पुन्हा मी डावाच. तुम्ही ओरडलात, "डोळं फुटले का तुझं?" मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "तुमचा हात ह्या अंगाला हाय, म्हणून म्या पण ह्याच अंगाचा केला." तुम्ही माझ्या हाताकडं आणि स्वतःच्या हाताकडं बघत राहिलात. मग "दाहिना" म्हणून तुम्ही स्वतःचा डावा हात उचललात आणि माझा उजवा आपोआप वर गेला. आत्याला वाटलं, भावाचं डोकं फिरलं. मला मात्र तुमचा त्या वेळचा चेहरा आजही काढता येईल, इतकं खूश तुम्हाला मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग शाळा तपासणारे मोहतमीम साहेब आले. त्या दिवशीची हकीकत तुम्ही जेवताना आत्याला सांगितली आणि मी शेजारीच बसले होते. साहेबांनी तुम्हाला सगळ्या पोरांसमोर हटकलं होतं, "मास्टर, आपको दाहिना-बायाँ नहीं मालूम?" पोरं खी खी हसली. तुम्ही भीत भीत समजावून दिलंत, त्यांच्यासमोर दोन्ही रीतींनी करून दाखवलंत. साहेब माणूस जाणता. ते म्हणाले, हे कशावरून काढलंत? आणि तुम्ही म्हणालात, "घर में एक लडका है साब, उसपर करके देखता हूँ." साहेब इतके खूश झाले की म्हणाले, हैदराबादेत ड्रिलमास्तरांचा वर्ग भरतो, तिथं तुम्हाला बोलावतो. ही तऱ्हा सगळ्या मास्तरांना दाखवा, आणि "उस लडके को भी साथ लाओ."

तुम्ही हे इतक्या आनंदात सांगत होतात, की पोरगा कोण, हे तुमच्या ध्यानात यायला पुढचा घास लागला. आत्यानं हातातली पळी खाली ठेवली. मी त्याच वर्षी परकर नेसायला लागले होते. मी विचारलं, "अण्णा, म्या येऊ?" तुम्ही ताटातून डोकं वर काढलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी वाट बघितली. मला हैदराबाद बघायचं नव्हतं. तुम्ही साहेबांना एवढंच सांगावं असं वाटत होतं की पोरगा न्हाय साहेब, पोरगी हाय. आणि एका दुपारी तुम्ही शाळेतून आलात, पाय न धुताच उंबऱ्यात बसलात आणि आत्याला म्हणालात, "पोरगा गेला म्हणून कळवलं साहेबाला."

आत्या उठली आणि तुमच्यासमोर येऊन उभी राहिली. "जित्या लेकराला तोंडानं मारलंस व्हय रं? तिची आई वरनं बघून रडत आसंल." तिनं मला चुलीपुढं बसवलं, मीठमोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून विस्तवात टाकल्या. एरवी कवायतीला नावं ठेवणारी बाई त्या दिवशी तुमच्याशी जेवतानाही बोलली नाही. तुम्ही मिरच्यांच्या धुरानं ठसका लागून बाहेर गेलात.

गोष्ट इथंच थांबली असती तरी मी विसरले असते. पण साहेब फिरतीवर परंड्याला आले तेव्हा आपल्या दारात आले, समाचाराला. भला माणूस होता. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "बहुत अफसोस हुआ, मास्टर." मीच त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ये बच्ची?" तुम्ही म्हणालात, "बेटी है." ते म्हणाले, "खुदा इसे सलामत रखे," आणि पाणी पिऊन तांब्या माझ्या हातात दिला. दाखवायला पोरगा उरला नाही, तेव्हा हैदराबादेचं पुढं बघू, असं म्हणून ते गेले आणि ते पुढं कधी आलंच नाही. मी तांब्या घेऊन तिथंच उभी होते, अण्णा. मी मेलेय आणि माझाच समाचार चाललाय, असं मला वाटत होतं.

त्यानंतर तुम्ही काठवटीला हात लावला नाहीत. जेवायला बसलात तरी माझ्या अंगावरून नजर पलीकडं जायची. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, शाळा बंद पडली, आणि गावातल्या बऱ्याच जणांसारखे आपणही हद्दीपलीकडं बार्शीला गेलो. तिथं एका शेडमध्ये तुम्हाला तापानं धरलं. मी तुमचे पाय चेपत होते. मला वाटायचं, आता तरी काही बोलाल. तुम्ही पाणी मागितलंत, मी दिलं, आणि तेवढंच. त्याच तापात तुम्ही गेलात.

पुढं आत्यानं दुसऱ्यांची धुणीभांडी करून मला शिकवलं. शिक्षकानं समोर तोंड करून, पाठ करून किंवा आरशातल्यासारखं उलटं दाखवलं तर मुली कशा शिकतात, यावर मी काम केलं, मला पदवी मिळाली. प्रबंधाच्या प्रस्तावनेत तुमचं नाव आहे. तुम्ही तसं का सांगितलंत याची कारणंही मला पाठ आहेत. वयात येणारी पोरगी, तिचं लग्न, लोकांची तोंडं, तुमची नोकरी. ही सगळी कारणं मीच तुमच्या वतीनं शोधली. तुम्ही त्यातलं एकही मला दिलं नाहीत, याचा राग अजून जात नाही.

लोक विचारतात, त्या काळात मुलीची जात असून तुम्ही मैदानावर कशा आलात? मी वडिलांचा वारसा, व्यायामाची गोडी असं काहीबाही सांगते आणि ते लिहून घेतात. हा कागद कुठं पाठवायची सोय नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगून टाकते. कवायत मला कधीच आवडली नाही, अण्णा. आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडं बघायचात ते फक्त तेवढ्याच वेळात.