बुरजातला दगड

पिंप्राळा, जळगाव
शनिवार

प्रिय नूतन,

तू पुढे पाठवलेली बॅग तुझ्या भावाने, दीपकने, बुधवारी आणून दिली. तिचं शेवटी लिहिते. फोन मुद्दामच केला नाही. तू रडायला लागलीस की मला बोलायचं ते राहून जातं.

आधी तुझ्या बहिणीचं. पुनमची सोयरीक जमली, देवाची कृपा. मुलाकडचे साक्रीचे. त्यांच्यात आधी गडावरच्या देवीची ओटी भरतात, मग सुपारी फुटते. म्हणून गुरुवारी मी आणि पुनम गेलो. ते जीप पाठवत होते, मी नको म्हटलं. बायांना एसटीचं अर्धं तिकीट असताना मिंधेपणा कशाला? नारळ, खण, तांदूळ सगळं घरूनच नेलं.

गड कसला, नुसते अवशेष. कोणी अहीर राजांचा सांगतं, कोणी फारुकींचा. एक कमान उभी आहे, टाक्यात शेवाळ, कोठारात वटवाघळं. राजाराणीचं नावसुद्धा राहिलं नाही. एक बुरूज मात्र शाबूत आहे. त्याची गोष्ट पुनमच्या होणाऱ्या सासूबाईंनी, सुनंदाबाईंनी, पायथ्याशी भेटल्यावर सांगितली. तो बुरूज म्हणे दर पावसाळ्यात ढासळायचा. शेवटी किल्लेदाराने आपली सूनच त्यात चिणायला दिली. गवंडी भिंत चढवत गेले, पण शेवटच्या दगडाला त्यांनी थाप्या खाली टाकल्या, कारण ती आतून "आई, आई" करत होती. मग तिच्या आईलाच बोलावणं गेलं. तिने पदराने कान घट्ट बांधले आणि दगड बसवला. तेव्हापासून एक चिरा हललेला नाही. तीच सून आता देवी.

म्हणून तिथे रीत आहे. लेक सासरी टिकावी म्हणून आईने पायथ्यापासून एक दगड वर न्यायचा आणि कान बांधून बुरजाच्या कोनाड्यात ठेवायचा. सुनंदाबाई म्हणाल्या, "पुनमना दगड लगीन व्हयनं का मंग. आज मोठीना नावना लई चला." आणि माझ्या तोंडाकडे बघत, "तुमनी मोठी सुखी शे ना? आमना कानवर काय काय येस." मी म्हटलं, "सुखी शे." पुनम काही बोलणार होती, तिला मी चिमटा काढला.

चिंचोक्याएवढा खडाही चालतो म्हणे. तुझ्या नावाचा म्हणून मी जड बघूनच उचलला. पोटाशी धरून चढले, मध्ये दोनदा बसले. तापात तुला असंच उचलून दवाखान्यात नेलं होतं, ते आठवलं. वर सुनंदाबाईंनी माझे कान माझ्याच पदराने बांधले, चांगले आवळून. दगड कोनाड्यात नीट बसला. मग त्यांनी हसून सुपारी फोडली.

आता तुझं. बॅग मी गडावर जायच्या आधीच उघडली होती. साड्या, शाळेचे दाखले, आणि साडीच्या घडीत लग्नात मी तुला दिलेली अन्नपूर्णा. साड्या माहेरपणालाही आणतात. अन्नपूर्णा घेऊन निघालेली परत जायला निघत नाही, हे कळायला मॅट्रिकसुद्धा लागत नाही. तुझा हात मोडलाय हे दीपक बोलला. पडले म्हणून त्याला सांगितलंस ते बरं केलंस, सगळ्यांना तेच सांग. हाड जुळून येतं, बाई. पुनमची सोयरीक मोडली तर ती जुळायची नाही. दीपक हे पत्र आणि बॅग तुझ्या दारात ठेवून तसाच फिरेल, मी त्याला शपथ घातली आहे. अन्नपूर्णा चिंचेने घासून ठेवली आहे. देव्हाऱ्यात मांड, रोज चार दाणे वाहा. हळदीपर्यंत फोन करू नकोस. हळदीला ये, जावईबापूंना घेऊन ये. तोवर प्लास्टर निघालेलं असेल. ब्लाऊज पूर्ण बाह्यांचं घाल.

तुझ्या संसाराचं बरं चिंतणारी,
तुझीच आई