गुडघ्यावरचा रफू

१ डिसेंबर, सोमवार

गुडघे दिसत होते. दोन्ही.

फोटो मंगला मॅडमने दाखवला. मधल्या सुट्टीत, अख्ख्या स्टाफरूमला. कुठल्या तरी विमानतळावर अक्षय उभा. खांद्याला टीमची बॅग, अंगात बिनबाह्यांचा बनियन, आणि खाली ती जीन्स — मांडीपासून नडगीपर्यंत फाटलेली. जीन्सच्या कंपनीनेच इंस्टाग्रामवर टाकलाय म्हणे. मंगला म्हणाली, "रजनीताई, नंदू भैया की कपड़े की दुकान, और लड़के को साबुत पैंट नहीं मिलती?" सगळे हसले. मीही हसले. काय करणार.

आज सकाळीच प्रार्थनेच्या वेळी मी पाच-सहा पोरांना रांगेतून बाहेर काढलं होतं. कोणाची कॉलर मळकी, कोणाचं बटण तुटलेलं. नोकरीला लागल्यापासून हेच करत आलेय — नखं, केस, बटणं. आणि माझा स्वतःचा मुलगा, टीव्हीवर व्हॉलीबॉल खेळणारा, बुऱ्हाणपुरातून लीगपर्यंत पोचलेला, तो असा!

घरी आल्यावर यांना फोटो दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "फाटली नाही ती, फाडलेली आहे. अशी महाग मिळते." झालं. कापड दुकानदाराशी लग्न केल्यावर अशीच उत्तरं मिळायची.

३ डिसेंबर

आज सातवीतला गोटू गणवेशाची पँट दोन्ही गुडघ्यांवर ब्लेडने कापून आला. नीट एकाखाली एक रेघा. वर ऐटीत म्हणतो, "अक्षय भैया जैसी, मैडम." मला आधी हसू आलं, मग संताप आला. वर्गाबाहेर उभं केलं.

शाळा सुटताना त्याची आई आली. पॉवरलूमवर जाते. आवाज चढवला नाही तिने. पोराला माझ्यासमोर उभं केलं, गुडघ्यांकडे बोट दाखवलं. "दिवाली को ही सिलवाई थी. आपके लड़के को देख के काटी है इसने." एवढंच बोलली आणि पोराला घेऊन निघाली.

म्हणूनच म्हणते, खेळाडूने चारचौघांत नीट कपडे घालावेत. कोर्टवर चड्डी घाल, तो खेळाचा भाग झाला. कोर्टबाहेर आलास की तू एकट्याचा राहत नाहीस. पोरं बघतात. अक्षयची मॅच आमच्या शाळेत किती जणांनी बघितली असेल देव जाणे, पँट मात्र सगळ्यांनी बघितली.

५ डिसेंबर

हेडसर अनंत यांनी बोलावून घेतलं. वीस तारखेला शाळेचे वार्षिक खेळ आहेत, बक्षिसं द्यायला अक्षयला बोलवायचं म्हणतात. मला इतका आनंद झाला की खुर्चीतून अर्धी उठलेच. मग सर हळूच म्हणाले, "बस, ड्रेस का ज़रा देख लेना, मैडम. ट्रस्टी लोग रहेंगे."

मी म्हटलं, जबाबदारी माझी. बोलून बसले खरी.

७ डिसेंबर

अक्षयला फोन लावला. शाळेत यायला तयार आहे. तसाही बारा तारखेला घरी येतोच आहे. कपड्यांचं काढलं आणि बिनसलं.

"आई, तू बी ना! ते लोक मला नेटवरचा स्पाइक बघून बोलावून राहिले का पँट बघून?"

मी म्हटलं, दोन्ही बघून.

"मग ज्याची पँट चांगली त्याला बोलवा ना. तुमच्याकडे बँकेतले साहेब खूप आहेत."

गोटूचं सांगितलं. म्हणाला, "त्याला नवी पँट माझ्याकडून दे. पण आई, मी दिवसभर उड्या मारतो, पोट मारतो, झोप मारतो. त्यातलं त्याने काहीच नाही घेतलं, फक्त पँट घेतली. यात माझी काय गलती?"

वकील व्हायचा. मी फोन ठेवला. पण हे बोलणं दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. त्यातलं त्याने काहीच घेतलं नाही — खरंय. पोरांना सोपं तेच घेता येतं. म्हणून तर सोपं तेवढं तरी नीट असावं!

१२ डिसेंबर

आला. दारातून वाकून आला, नेहमीसारखा. शाळेत असताना याला कधी पँट पुरली नाही. जूनमध्ये घेतलेली दिवाळीत घोट्याच्या वर. कापड दुकानदाराचा मुलगा म्हणून लोक चेष्टा करायचे.

या वेळी टीमचा झगझगीत ट्रॅकसूट नव्हता. ती मोठी नाव लिहिलेली बॅगही नाही, बाजारातली साधी काळी. म्हटलं चला, शहाणा झाला. मग खाली नजर गेली. तीच जीन्स.

जेवला. दाळ-बट्टी केली होती, त्याला आवडते म्हणून. नेहमी मोजून खातो, आज तूपही मागितलं. मला बरं वाटलं.

१३ डिसेंबर

जीन्स धुवायला मागितली. देत नाही. "राहू दे, मी धुतो." धुवत तर नाहीच, काल घातलेली आजही तीच. त्याच जीन्समध्ये सकाळी राजपुऱ्यात जाऊन जलेबी खाऊन आला. पोरांचा घोळका मागे. फोटो काढत होते. परत येताना आमच्या गल्लीत एका म्हातारबाबांच्या पाया पडला तेव्हा दोन्ही गुडघे बाहेर आले. आशीर्वाद दिला त्यांनी, पण नजर गुडघ्यावर होती. मी गॅलरीतून बघितलंय.

हे दुपारभर त्याला घेऊन दुकानात बसले. काय बोलले कळलं नाही. संध्याकाळी यांचा चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाले, "ॲसिडिटी."

१४ डिसेंबर

केलं एकदाचं.

अक्षय मित्रांबरोबर असीरगडला गेला, चढायचं म्हणून हाफ पँट घालून. जीन्स खुंटीवर होती. मी पिशवीत घातली. हे आडवे आले. "रजनी, राहू दे ना. त्याची वस्तू आहे, त्याला विचार तरी." एवढ्या कळकळीने हे कधी माझ्या साडीबद्दलही बोलले नसतील. मी म्हटलं, विचारलं तर तो हो म्हणणार आहे का?

राजपुऱ्यातल्या रफूवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी उलटून-पालटून बघितली. "बाई, ये तो नई है."

"नई है, पर फटी है."

"फटी नहीं है..."

"चाचा, रफू करना है."

खालच्या दुमडीतला धागा काढून वापरतो म्हणाले, म्हणजे रंग मिळेल. उद्या देतो म्हणाले.

१५ डिसेंबर

काय हात आहे! कुठे फाटली होती ते मलाच शोधावं लागलं. इस्त्री करून, घडी घालून अक्षयच्या पलंगावर ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच लसूण सोलत बसले. म्हटलं, आता आरडाओरडा होणार.

झालाच नाही. बराच वेळ आवाज नाही म्हणून डोकावले. पलंगावर बसला होता, जीन्स मांडीवर. जिथे भोक होतं तिथे बोट फिरवत होता, आंधळा माणूस चाचपतो तसं. मला बघून हसला. "चाचांनी केला ना? बुऱ्हाणपूरचं काम!" मग म्हणाला, "बरं झालं आई. वीसला काय घालू ते तूच सांग."

इतकं सोपं होतं? मी उगाच चौदा रात्री घालवल्या. मुलं ऐकतात. ठाम राहावं लागतं, बस.

१७ डिसेंबर

आणखी एक. वर्गात पोरं सांगत होती, "मैडम, भैया का वो फोटो हट गया." घरी येऊन बघितलं. खरंच! कंपनीच्या पानावर अक्षय नाहीच. त्याच जागी दुसरा कोणी कोवळा पोरगा, तशाच फाटक्या जीन्समध्ये. त्याची आई बघून घेईल.

अक्षयला म्हटलं, फोटो काढायला लावलास, छान केलंस. तो "हूं" म्हणाला.

यांनी दुकानातलं राखाडी सूटिंग काढलं. शिंप्याने माप घेतलं — लांबी पंचेचाळीस. म्हणाला, "भैया, तुम्हारे में दो आदमी की पैंट निकल जाए." अक्षय हसला नाही. हे कापडाला हात लावून उभेच राहिले.

२० डिसेंबर

आज मी सुखी आहे. लिहून ठेवते.

पांढरा फुल शर्ट, राखाडी पँट, पट्टा, काळे बूट. केसही बारीक केले होते. स्टेजवर चढला तर ट्रस्टी उठून उभे राहिले. मंगला कानात म्हणाली, "बैंक मैनेजर लग रहा है!" हेडसरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. माझा ऊर भरून आला. खोटं का बोलू?

भाषण दोन मिनिटांचं. "मैडम जो बोले वो पहनो. और रोज़ खेलो." पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा जपूनच. पुढच्या रांगेत गोटू नव्या पँटीत बसला होता — अक्षयनेच दिलेली. शेजारच्याला विचारत होता, "येच है क्या? वोच वाला?"

नंतर पोरांनी बॉल आणला. भैया, एक स्पाइक! एकच! नेट बांधलेलंच होतं. अक्षयने बॉल हातात घेतला, एकदा जमिनीवर आपटला आणि परत दिला. "आज नको." मला वाटलं, नव्या पँटीची शिवण जपतोय.

२२ डिसेंबर

दुपारी चहा घेताना मी म्हटलं, आता टीममध्ये गेलास तरी असाच राहा. चांगला दिसतोस.

"टीम नाहीये आई."

मला आधी समजलंच नाही. त्याने सावकाश सांगितलं, मॅचचा निकाल सांगावा तसं. दहा तारखेला यादी आली. त्याचं नाव नाही. तो सत्तावीस वर्षांचा, त्यांना एकोणीसचा मिळाला. ट्रॅकसूट, जर्सी, बॅग, सगळं परत घेतलं. जीन्सच्या कंपनीनेही फोटो काढून टाकला, त्या एकोणीसच्याचा लावला.

"जीन्स तेवढी माझी म्हणून दिली होती. ती घालून बाहेर पडलो ना, तर लोक बघायचे — प्लेअर चालला. म्हणून घालत होतो. बाकी त्यात काय आहे."

तरी चिडला नाही माझ्यावर. चिडला असता तर बरं झालं असतं.

पुढचं नंतर कळलं. नागपूरला सत्तावीस तारखेला दुसऱ्या एका टीमची ट्रायल आहे. बोलावणं आलंय. जात नाही म्हणतो. का, तर म्हणे, "मॅनेजर दिसतो ना आता मी? सगळ्या शाळेने बघितलं. तू पण खूश आहे. दुकानात बसतो."

शर्टाला टाळ्या वाजवल्या मी. मुलाला नाही.

२३ डिसेंबर

यांना तेरा तारखेपासून माहीत होतं! दुकानात सांगितलं होतं त्याने. "आईला आत्ता नको सांगू म्हणाला, म्हणून." ॲसिडिटी म्हणे!

आज यांच्याशी बोलले नाही. वाढलं आणि उठले.

२४ डिसेंबर

अक्षय दुकानात बसून सूटिंग मोजत होता. गिऱ्हाईक विचारतंय, "भैया, आप वोही हो ना?" तो म्हणतो, "नहीं, उसका भाई." मी दारातून ऐकलं आणि आत न जाता तशीच परत आले.

माझं मत बदललेलं नाही. गोटूने पूर्ण पँटीतच शाळेत यावं. खेळाडूने नीट राहावं. पण आधी तो खेळाडू तरी राहू दे. एवढा हिशोब मला पन्नाशी उलटल्यावर कळतोय, आणि मी पोरांना शिकवते.

अक्षयला सांगितलं, तिकीट काढते. नको म्हणाला. मी काढलं.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. चाचांचा रफू निघता निघेना. सुईने धागा उचलायला गेले तर सुईच वाकली. शेवटी गच्चीवर उन्हात बसले आणि ब्लेड घेतलं. हे वर आले. दोन दिवसांचा अबोला होता. शेजारी बसले आणि म्हणाले, "उभा निळा धागा काप. आडवा पांढरा राहू दे." तसं केलं. माझ्या रेघा वाकड्याच गेल्या. गोटूने जास्त नीट कापली होती.

जीन्स त्याच्या काळ्या बॅगेवर ठेवून दिली. रात्री अक्षय बॅग भरायला बसला.

२६ डिसेंबर

नागपूरच्या गाडीत बसवून आलो. गुडघे दिसत होते. दोन्ही.